रिकाम्या शिंपल्यापासून सुरुवात: कालवांचे रीफ उभारायला निघालेल्या मुलामुलींसाठी

पहिल्या दिवशी येणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर बहुतेक एकच चित्र असतं: बोटीत बसून खाडीच्या मध्यावर जायचं आणि टोपलीतली जिवंत कालवं, म्हणजे ऑयस्टर, पाण्यात सोडायची. प्रत्यक्षात हातात येतं फावडं आणि समोर असतो रिकाम्या शिंपल्यांचा डोंगर. काहींचा चेहरा लगेच उतरतो. हा ढीग कशासाठी आहे, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. ते एकदा कळलं की पुढची सगळी कामं समजायला सोपी जातात, म्हणून मी तिथूनच सुरू करते.

शिंपला का लागतो

कालवाचं पिल्लू जन्मल्यावर दोन ते तीन आठवडे पाण्याबरोबर वाहत राहतं. ते इतकं बारीक असतं की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. या भटकंतीच्या शेवटी त्याला डोळ्यासारखा एक काळा ठिपका येतो आणि इवलासा पाय फुटतो. त्या पायाने ते तळ चाचपतं. टणक जागा सापडली की स्वतःच्या अंगातून सिमेंटसारखा चिकट द्राव सोडून तिथे जखडून बसतं, ते जन्मभरासाठी. नुसता मऊ चिखल मिळाला तर गाळाखाली गुदमरून संपतं. त्याला सगळ्यांत जास्त भावते ती जागा म्हणजे दुसऱ्या कालवाचा शिंपला. शिंपल्याला असं चिकटलेल्या पिल्लाला स्पॅट म्हणतात. हा शब्द तुम्हाला रोज ऐकू येईल.

एका पिढीच्या पाठीवर दुसरी, तिच्यावर तिसरी, असं शेकडो वर्षं चाललं की चिखलाच्या तळावर खडकासारखा उंचवटा तयार होतो. हाच रीफ. त्याच्या फटींत लहान मासे, कोळंबी आणि खेकडे लपतात, किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटांचा जोर त्याच्यावर मोडतो. शिवाय प्रत्येक कालव अन्न मिळवण्यासाठी पाणी गाळत असतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं पूर्ण वाढलेलं एक कालव, परिस्थिती उत्तम असेल तर, दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं.

मग हे रीफ गेले कुठे? माणसांनी कालवं काढली, खाल्ली आणि शिंपले पाण्यात परत टाकलेच नाहीत. ते रस्त्यांच्या भरावात गेले, चुन्याच्या भट्टीत गेले, कचऱ्यात गेले. म्हणजे मासा नेला आणि त्याच्याबरोबर तळंही नेलं, असा हा प्रकार झाला. त्यात सांडपाणी आलं, गाळ आला, विसाव्या शतकाच्या मध्यापासून एमएसएक्स आणि डर्मो हे कालवांना मारणारे रोग आले. न्यूयॉर्कच्या बंदरातले शेवटचे कालवांचे पट्टे १९२७ साली प्रदूषणामुळे बंद करावे लागले. अमेरिकेच्याच पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात कालवांची संख्या जुन्या काळाच्या एक टक्क्याच्या आसपास उतरली. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या उपसागरात २००८ साली आलेल्या आयक चक्रीवादळाने निम्म्याहून अधिक रीफ गाळाखाली गाडले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार जगभरातले सुमारे ८५ टक्के कालवांचे रीफ नष्ट झाले आहेत.

पाणी सुधारलं तरी कालवं आपोआप परत येत नाहीत, याचं कारण आता लक्षात येईल. पिल्लं आली तरी त्यांना बसायला जागाच उरलेली नसते. तुमच्या समोरचा ढीग म्हणजे ती जागा.

आधी गट शोधा, एकट्याने काही करू नका

तुम्ही खाडीजवळ राहत असाल तर शिंपले गोळा करून स्वतःच पाण्यात टाकायचा मोह होईल. कृपा करून तसं करू नका. न वाळवलेल्या शिंपल्यांबरोबर एका पाण्यातले रोग आणि किडे दुसऱ्या पाण्यात जातात. शिवाय तळावर काहीही टाकायला सरकारी परवानगी लागते, कारण तिथून बोटी जातात, कुणी मासेमारी करतं, कुठे पाणगवत असतं. जिवंत कालवं एका खाडीतून उचलून दुसरीत नेणं तर त्याहून वाईट.

त्यापेक्षा आधीपासून काम करणारा गट गाठा. न्यूयॉर्कमध्ये २०१४ पासून बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट चालतो. त्याचं मूळच एका सरकारी माध्यमिक शाळेत, गव्हर्नर्स आयलंडवरच्या हार्बर स्कूलमध्ये आहे. तिथली मुलं बोट चालवायला, पाणबुड्यासारखं काम करायला आणि कालवं वाढवायला शिकतात. बंदरात २०३५ पर्यंत शंभर कोटी कालवं परत आणायची, असा त्यांचा संकल्प आहे. मेरीलँडमध्ये ऑयस्टर रिकव्हरी पार्टनरशिप आहे, टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टन बे फाउंडेशन, फ्लोरिडात टॅम्पा बे वॉच. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातही तिथल्या मूळच्या कालवांसाठी असेच प्रकल्प सुरू आहेत. तुमच्या भागात असं नाव सापडलं नाही तर जवळच्या मत्स्यालयात, सागरी संशोधन केंद्रात किंवा शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे विचारा. खाडीचं काम करणारी माणसं एकमेकांना ओळखतात.

पहिल्या निरोपात तुमचं वय स्पष्ट लिहा. बोटीवरच्या आणि पाण्यातल्या कामांना किमान वयाची अट असू शकते, किनाऱ्यावरच्या कामांना ती सहसा सैल असते. अठराच्या आतल्यांना पालकांच्या सहीचा फॉर्म लागतोच. तो आदल्या दिवशीच भरून ठेवा. फॉर्म नसल्यामुळे पोहोचलेल्या मुलाला बाकावर बसवून ठेवावं लागतं तेव्हा त्याला आणि आम्हाला सारखंच वाईट वाटतं. शाळेसाठी समाजसेवेचे तास हवे असतील तर तेही आधीच सांगा. मेरीलँडच्या सरकारी शाळांत शालान्त प्रमाणपत्र मिळवण्यासाठी असे ७५ तास पूर्ण करावे लागतात. तासांसाठी आलात तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तास संपल्यावरही येत राहिलेली बरीच मुलं मी पाहिली आहेत.

अंगावर काय, पायात काय

कालवाच्या शिंपल्याची कड ब्लेडसारखी असते. पायात पूर्ण बंद, जाड तळाचे आणि घट्ट बांधता येणारे बूट हवेत. सँडल, चप्पल किंवा पातळ रबरी मोजे चालणार नाहीत. सैल गमबूट चिखलात रुततो आणि पाय बाहेर येतो, मग उघड्या पायाखाली नेमका शिंपलाच असतो. लांब पॅंट घाला, जी खराब झाली तरी चालेल अशी. हातमोजे बहुतेक गट देतात, तरी स्वतःचे जाड मोजे असले तर बरे. टोपी, पाणी, कोरडे कपडे आणि मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी, इतकं पुरे.

एका गोष्टीवर मात्र मी कधीच सूट देत नाही. हातापायाला ताजी जखम, खरचटलेलं किंवा नवीन टोचलेलं कान-नाक असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. त्यांच्यातला एक प्रकार जखमेतून शरीरात शिरला तर जिवावर बेतू शकतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर फार वेगाने वाढतं. काम करताना कापलं तर लगेच सांगा, स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, पट्टी लावा. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होऊन सुजली, खूप दुखली, ताप आला, तर वाट न बघता डॉक्टरकडे जा आणि जखम खाडीच्या पाण्यात झाली हे आवर्जून सांगा. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. ‘एवढंसंच तर कापलंय’ म्हणून कुणी गप्प राहिलं की मला काळजी वाटते. तक्रार करणाऱ्याला इथे कुणी नाजूक म्हणत नाही.

शिंपल्यांचं काम

शिंपले येतात मुख्यतः हॉटेलांतून. खाऊन झालेल्या कालवांचे शिंपले वेगळ्या डब्यात ठेवायचे, ठरलेल्या दिवशी ते उचलायचे, आणि मोकळ्या जागेवर ओतायचे. तुमचं पहिलं काम बहुधा निवडण्याचं असेल: लिंबाच्या फोडी, कागदी रुमाल, काटे, प्लास्टिकचे चमचे बाजूला काढायचे. वास येतो. उन्हाळ्यात जास्त येतो. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं.

यानंतर शिंपले उन्हात राहतात, महिनोन्महिने. अनेक ठिकाणी किमान सहा महिन्यांचा नियम आहे. ऊन, पाऊस आणि मुंग्या-माश्या मिळून उरलेलं मांस साफ करतात आणि रोगाचे जंतू मरतात. हे ढीग मधूनमधून उलटावे लागतात, नाहीतर आतले शिंपले ओलेच राहतात. नव्या आणि जुन्या ढिगांची सरमिसळ कधीही करू नका. प्रत्येक ढिगाला तारखेची पाटी असते. ताज्या शिंपल्यांची एक टोपली चुकून वाळलेल्या ढिगावर पडली तर तो अख्खा ढीग पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावा लागतो. पाटी दिसली नाही तर विचारा. अंदाजाने ओतू नका.

वाळलेले शिंपले दोन वाटांनी जातात. काही हॅचरीत, म्हणजे कालवांची पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रात, जातात. तिथे मोठ्या टाक्यांत पिल्लं सोडतात आणि ती शिंपल्यांवर बसली की स्पॅटसकट शिंपले खाडीत नेतात. ज्या पाण्यात पिल्लांची कमतरता नाही, फक्त जागेची आहे, तिथे नुसते शिंपले पिशव्यांत भरून ठेवले तरी पुरतात. या पिशव्या भरणं हे किशोरांच्या वाट्याला सगळ्यांत जास्त येणारं काम.

त्याची रीत सोपी आहे, फक्त जोडीने करावी लागते. रुंद पाइपच्या तुकड्यावर जाळीची नळी चढवायची, खालच्या टोकाला घट्ट गाठ मारायची. एकाने पाइप उभा धरायचा, दुसऱ्याने वरून शिंपले ओतायचे. पाइप भरला की तो हळूहळू वर ओढून काढायचा, शिंपले जाळीत उतरतात. मग वरची गाठ. भरलेली पिशवी दहा-पंधरा किलोंच्या आसपास होते. दाबून भरू नका. शिंपल्यांमध्ये फटी राहिल्या तरच पाणी आत फिरतं आणि पिल्लं आत शिरतात. गाठीकडे नीट लक्ष द्या, कारण सैल गाठ पाण्यात सुटली की शिंपले विखुरतात आणि मोकळी जाळी खाडीत वाहत जाते. प्लास्टिकच्या जाळीचा प्रश्न खरा आहे, त्यामुळे अनेक गट आता कुजणाऱ्या जाळीकडे किंवा सिमेंटच्या साच्यांकडे वळत आहेत. तुमच्या गटात कोणती जाळी वापरतात आणि का, हे विचारायला संकोचू नका. उचलताना गुडघे वाकवा, कमरेतून वाकू नका, आणि पिशवी फेकू नका. ती हातोहात द्यायची असते.

रीफ रचायचा दिवस

तारीख भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावरून ठरते, तुमच्या सुट्टीवरून नाही. ओहोटी पहाटे पाचला असेल तर पाचला. ‘थोडं उशिरा आलं तर चालेल का’ हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे, कारण पाणी चढल्यावर काम थांबतंच.

किनाऱ्यापासून रीफच्या जागेपर्यंत मुलांची रांग लागते आणि पिशव्या हातोहात पुढे सरकतात. चिखलात पाय रुतला तर ओढाताण करू नका. शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घ्या, टाच आधी सैल करा, मग पाय वर काढा. पिशव्या कुठे आणि किती थरांत ठेवायच्या हे आखून दिलेलं असतं. रीफ फार खाली बसला तर गाळात जातो, फार उंच झाला तर कालवं उन्हात जास्त वेळ उघडी राहतात. म्हणून खुणेच्या काठीपासून वीतभरही इकडेतिकडे ठेवू नका, तुम्हाला ती जागा कितीही बरी वाटली तरी. बोटीवर किंवा खोल पाण्याजवळ जीवरक्षक जॅकेट अंगात घालून बकल लावलेलं हवं. हातात धरलेलं जॅकेट काही कामाचं नाही.

अनेक ठिकाणी रीफच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला, खारं पाणी सहन करणारं गवत लावतात. रीफ लाटा मोडतो, त्याच्या आडोशाला गवत रुजतं, गवताची मुळं किनाऱ्याची माती धरून ठेवतात. टॅम्पा बे वॉचच्या एका उपक्रमात शाळांच्या आवारातच हे गवत वाढवतात आणि मुलं स्वतः ते नेऊन खाजणात लावतात. रोप लावताना मुळांभोवती माती घट्ट दाबा. हलकं ओढून बघा. हातात आलं तर पुढची भरती ते नेणारच.

घरच्या धक्क्याखालची कालवं

ज्यांच्या घराला किंवा शाळेला खाडीत धक्का आहे त्यांना काही कार्यक्रम स्पॅट बसलेल्या शिंपल्यांचा पिंजरा सांभाळायला देतात. मेरीलँडमध्ये २००८ पासून असा कार्यक्रम आहे. पाणी गार होऊ लागलं की पिंजरे मिळतात, पहिलं नाजूक वर्ष कालवं तुमच्या नजरेखाली वाढतात आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ती राखीव रीफवर सोडली जातात.

पिंजरा तळापासून निदान फूटभर वर लटकवा आणि ओहोटीतही तो पाण्याखाली राहील असं बघा. तळाला टेकला तर गाळ भरतो. कालवांचा मोठा शत्रू हा गाळच. पाणी कोमट असताना दर दोन आठवड्यांनी पिंजरा वर काढा, पाण्यात खळबळून हलवा, आतला चिखल धुऊन काढा. थंडीत महिन्याने एकदा पुरतं. बाहेरून शेवाळ, बार्नेकल (कवचाचे छोटे चिकट जीव) आणि मऊ समुद्री जीव चिकटतात, जाळीची भोकं बुजवतात आणि पाणी आत येईनासं होतं. ते ब्रशने घासून काढा. सौम्य हवेत पिंजरा काही तास सावलीत कोरडा ठेवला तर यांतले बरेच मरतात आणि कालवं तोंड मिटून तग धरतात. मात्र गोठवणाऱ्या थंडीत हा उपाय करायचा नाही, लहान कालवं काही वेळातच मरतात. आत शिरलेले छोटे खेकडे आणि चपटे किडे दिसले तर बाहेर काढा. छोटे मासे मात्र पाण्यात परत सोडा. ते तिथे आश्रयाला आले आहेत आणि त्यांच्यासाठीही हे सगळं चाललंय.

ही कालवं खायची नाहीत, घरच्यांना द्यायची नाहीत, विकायची नाहीत. धक्क्याजवळचं पाणी खाण्यायोग्य कालवांसाठी तपासलेलं नसतं आणि कालव जे गाळतं त्यातलं बरंच स्वतःच्या अंगात साठवतं.

मोजणी

माझ्या मते हा कामाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि मुलं इथेच घाई करतात. रीफ जगतोय की नाही हे आकड्यांवाचून कळायला दुसरा मार्ग नाही.

पिंजऱ्यातून किंवा पिशवीतून ठरलेल्या संख्येने कालवं घ्या. हाताला येतील ती घ्या, डोळ्याला छान दिसतील ती नको. मोठी, देखणी कालवं निवडली की सरासरी फुगते आणि पुढे सगळा हिशोब चुकतो. लांबी मोजायची ती बिजागरीच्या टोकापासून समोरच्या काठाच्या सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंत, कॅलिपरने, मिलिमीटरमध्ये. जिवंत कालव हलकेच टकटक केलं की मिटतं, किंवा आधीच घट्ट मिटलेलं असतं. दोन्ही शिंपले जोडलेले पण आत काही नाही, असं दिसलं तर ते हल्लीच मेलेलं. त्याची वेगळी नोंद करा. एका शिंपल्यावर तीन स्पॅट असतील तर तिन्ही मोजा.

त्याच वेळी पाण्याचं तापमान, खारेपणा आणि विरघळलेला ऑक्सिजन लिहा. ऑक्सिजन लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेला असेल तर तिथले जीव अडचणीत आहेत, लगेच कळवा. नोंद पेन्सिलीने करा, शाई पाण्याने पसरते. दोघांनी मिळून करा: एकाने आकडा मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तो परत म्हणून मग लिहायचा. काही सापडलं नाही तर शून्य लिहा, रकाना रिकामा सोडू नका. रिकामा रकाना म्हणजे कुणी मोजलंच नाही असा अर्थ होतो. आणि अर्धी कालवं मेलेली आढळली तरी आकडा जसाच्या तसा लिहा. एका मुलीने पहिल्या मोसमाच्या शेवटी तिच्या पिंजऱ्यातली निम्मी कालवं मेल्याचं पाहून कागद लपवला होता, आपल्याकडून चूक झाली असं वाटून. आजूबाजूच्या पिंजऱ्यांतही तेच झालं होतं, पण तिच्या जागेची नोंद नसल्याने त्या पट्ट्यात काय घडलं हे जुळवायला आम्हाला बराच वेळ लागला.

पिंजरा परत करायच्या दिवशी शेवटची मोजणी करा, कागदाचा फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद समन्वयकांच्या हातात द्या. कालवं ओल्या गोणपाटाखाली, सावलीत ठेवून न्या. रिकामा पिंजरा गोड्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा, म्हणजे त्याला चिकटलेलं काही जिवंत राहणार नाही. तुटलेल्या जाळीच्या जागी रंगीत दोरा बांधून ठेवा, पुढच्या खेपेला दुरुस्ती कुठे करायची ते लगेच दिसेल.